चौदा टक्के

लातूरच्या त्या क्लासमध्ये मी शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी स्टाफरूमच्या कोपऱ्यात कोणीतरी वाफारा घेत बसले आहे, असा माझा समज झाला. डोक्यावरून मोठा टॉवेल घेतलेला, दोन्ही कोपरे टेबलावर टेकलेले, आणि टॉवेलच्या आतून मधूनच एक समाधानाचा हुंकार. दिवस भर उन्हाळ्याचे होते. मी आदबीने विचारले, "बरं नाही का, सर?"

टॉवेलच्या आतून उत्तर आले, "बरं हाय की. एक्क्याऐंशी हाय."

टॉवेल बाजूला झाला तेव्हा पातेल्याच्या जागी लॅपटॉप निघाला. त्याच्या पडद्याचा उजेड सरांनी इतका उतरवून ठेवला होता, की बाहेरच्याला तो बंदच वाटावा. टॉवेलखाली अंधार केला की मात्र अक्षरे दिसत. एक्क्याऐंशी हे बॅटरीचे टक्के होते. सरांच्या प्रकृतीचे वेगळे असे काही माप नव्हते. बॅटरी बरी असली की सर बरे असत.

ते गणित शिकवत आणि मी भौतिकशास्त्र. क्लासमध्ये आम्ही सगळेच एकमेकांना 'सर' म्हणत असू, पण नुसते 'सर' म्हटले की ते हेच. ते मूळचे उदगीरचे, व्यापारी घरातले. कपाळावर भस्माची तीन बोटे, पांढरा सदरा आणि खांद्यावर तो टॉवेल. मला ते "ओ नांदेडचे" अशी हाक मारत आणि मी गेलो की बसायला स्वतःची खुर्ची देत.

ते दिवस आता आठवावे लागतात. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघत होते. बिलोली, नायगाव, लोहा अशा गावांहून आईबाप मुलांना घेऊन येत, खोली बघत, डबा लावत आणि निघताना प्रत्येक मास्तरचे हात हातात घेऊन जात. आणि याच शहरात लाइट दिवसाचे कित्येक तास नसे. भारनियमनाचे वेळापत्रक लोकांना तोंडपाठ होते. अशा गावात सरांनी लॅपटॉप घेतला होता. प्रश्नपत्रिका, मुलांचे गुण, उत्तरांच्या तालिका हे सगळे त्यातच असे. लाइट असताना लॅपटॉप कोणीही चालवतो, असे त्यांचे म्हणणे होते. "नसताना चालवून दाखवा की. मग बघू."

ते चालवून दाखवत. लॅपटॉप ते थेट टेबलावर ठेवत नसत; शहाबादी फरशीचा एक तुकडा त्यांनी त्यासाठी कापून आणला होता. फरशी थंड, म्हणून यंत्र थंड, म्हणून आतला पंखा कमी फिरतो, असा तो हिशेब. दर सोमवारी ते दाढीच्या जुन्या ब्रशने पंख्याच्या जाळीतली धूळ काढत. पेनड्राइव्ह काम झाल्यावर क्षणभरही लावून ठेवत नसत. इंटरनेटची कांडी, म्हणजे डोंगल, तर काम होताच काढायची, कारण ती "पाव्हण्यासारखी, बसल्या बसल्या खाते." आवाज कायमचा बंद. शंभर टक्के भरली की प्लग काढायचा, तळ गाठू द्यायचा नाही, आणि उन्हात तर मुळीच न्यायचे नाही. यातले बहुतेक शास्त्राला धरून होते. पडद्यामागचे चित्र काळेकुट्ट ठेवल्याने बॅटरी वाचते, ही त्यांची समजूत मात्र त्या पडद्याला लागू नव्हती. त्यात काळ्या चित्रामागेही दिवा तेवढाच जळत असे. मी ते तासभर खपून सप्रमाण समजावले. सरांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. पण त्याला दिसतंय ना, की आपण कमी वापरून राहिलो. जरा धाक ऱ्हातो."

त्यांच्या सगळ्या नियमांमध्ये एक मोठा होता: विचार कागदावर करायचा, पडदा फक्त कामाला. कोणी पडद्यासमोर बसून डोके खाजवू लागला, की सर झाकण लावून टाकत.

त्यांना कोणी कंजूष म्हणू नये. स्टाफरूमचा चहा बहुतेक वेळा तेच सांगत. घरून येताना धपाट्यांचा डबा आणत तो सहा माणसांचा असे आणि स्वतः उरलेले खात. काटकसर फक्त बॅटरीत, आणि रागात. त्यांना रागावलेले मी पाहिले नाही. वर्गात मुले कितीही दंगा करोत, ते फळ्याकडे तोंड करून उभे राहत आणि म्हणत, "तुमचं उतरलं की सांगा. म्या चार्जिंगला हाय."

एकदा बिलोलीकडचे एक पालक त्यांना गाठायला आले. सर टॉवेलखाली होते. पालकांनी चपला काढल्या, हात जोडले आणि विचारले, "सर, कसं काय हाय आमच्याचं?"

सरांना वाटले, मीच बोलतो आहे. आतूनच म्हणाले, "बेचाळीस. सकाळी नव्वद व्हते बघा. दुपारपर्यंत निम्म्याच्या खाली."

पालक भिंतीला टेकले. "काल तर बरा व्हता की, सर!"

"काल बराच असतो. आज लई जणांनी हात लावला. आता झाकून ठेवतो, कुणी उघडू नका. घरी नेऊन रात्री लावतो, मग उद्या बघा, पुन्हा शंभर."

"शंभर?" पालक पुढे सरकले. "रात्री काय लावता, सर?"

टॉवेल दूर झाला, खुलासा झाला, सरांनी त्यांना चहा पाजला आणि मुलाचे खरे गुण सांगितले. ते एकोणचाळीस होते. पालक मला जाताना हळूच म्हणाले, "बेचाळीसच बरे व्हते."

हे टक्क्यांचे वेड आले कुठून, हे मी त्यांना एकदाच विचारले. भूकंप झाला तेव्हा सर औसा तालुक्यातल्या एका खेड्यात मास्तर होते. घर पडले, शाळा पडली, ते वाचले. पुढचे काही आठवडे ते गावाबरोबर पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. याहून जास्त त्या भूकंपाविषयी ते बोलत नसत. बोलत ते रेडिओविषयी.

"ढिगाऱ्यातून रेडिओ निघाला बघा. चालू. आत चार सेल, अन् दुसरे मिळायची सोय न्हाई. म्या ठरवलं, दिवसातून तीनदा बातम्या, बाकी बंद. मधल्या वेळेत सेल काढून पत्र्यावर उन्हात. लोकं म्हणायची, मास्तर, एक गाणं लावा. म्या म्हणायचो, न्हाई. लई शिव्या खाल्ल्या."

"मग?"

"मग एक दिवस पेपर यायला लागला, फोनची लाइन आली. त्या दिवशी सकाळी रेडिओ खुर्चीवर ठेवला, आवाज पुरा सोडला. गाणी, शेतीचा कार्यक्रम, दंतमंजनाची जाहिरात, कन्नड बातम्या बी. एक म्हातारी कन्नड बातम्यांना टाळ्या वाजवून राहिली व्हती. दुपारी सेल मेले." सर हसले. "तसा रेडिओ पुन्हा ऐकला न्हाई."

मी त्या वेळी ही हकिगत गंमत म्हणून ऐकली. माणसाचे ऐकताना आपण किती कमी ऐकतो, हे मला फार उशिरा कळले. आणि कळले तेही एका सीडीमुळे.

त्याचे असे झाले. माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट नांदेडला घरी पडून होती. तिला बुरशी लागली. तिथल्या एका स्टुडिओवाल्याने खटपट करून तिच्यावरून एक सीडी उतरवून दिली आणि बजावले, "ही एकच हं, सर. कॅसेट आता गेली." सीडीवर त्याने ठळक मार्करने 'शुभविवाह' आणि खाली माझे व माझ्या पत्नीचे नाव लिहिले होते. ती घेऊन मी सकाळच्या गाडीने लातूरला आलो, तो क्लासच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर आदल्या दिवशीच जळालेला. इन्व्हर्टर संपलेला, जनरेटर दुसऱ्या शाखेला गेलेला. शिकवणे बंदच होते. दुपारी सर जेवायला आणि तिथून बँकेत गेले. लॅपटॉप फरशीवर होता. अठ्ठ्याहत्तर टक्के.

मला मोह झाला. करमणुकीसाठी सर लॅपटॉप देत नाहीत, हे ठाऊक असल्यामुळेच मी त्यांना विचारले नव्हते, आणि ते गेल्यावर मात्र हात पुढे केला. रसायनशास्त्राचे सर आणि ऑफिसमधल्या मॅडम दोघे बघायला आले.

"काहीच दिसत नाही हो यात," मॅडम म्हणाल्या.

मी उजेड शेवटपर्यंत वाढवला. आवाज सोडला. हळद झाली, सीमांतपूजन झाले, वरातीत माझे एक काका घोड्याला घाबरले ते आम्ही तीनदा मागे नेऊन पाहिले. मुंडावळ्यांतले माझे ध्यान बघून मॅडमना ठसका लागला. मंगलाष्टकांसाठी अंतरपाट धरला जात होता, तेवढ्यात जिन्यावर सरांच्या चपला वाजल्या. मी घाईने चित्र बंद केले आणि झाकण लावले. लग्न लागायचे राहिले. सीडी आतच राहिली.

सरांच्या पाठोपाठ जिन्यावरून आणखी दोघे आले: लोह्याची एक विद्यार्थिनी आणि तिचे वडील. वडील शिवणकाम करत. मशीनवरून तसेच उठून आले असावेत, गळ्यात टेप होती. मुलगी हुशार होती, पण त्या दिवशी रडकुंडीला आली होती. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी कॉलेजांचा पसंतीक्रम ऑनलाइन भरायचा तो शेवटचा दिवस होता. वेळ पाचपर्यंत. आदल्या दिवशी नेटकॅफेत फॉर्म अर्धा असताना लाइट गेली. आज त्या भागातले सगळे कॅफे बंद. घड्याळात चार वाजत आले होते.

"आता तुम्हीच, सर," वडील म्हणाले.

"कशाला घाबरता? दुपारी अठ्ठ्याहत्तर ठेवून गेलो," सर म्हणाले आणि त्यांनी झाकण उघडले.

पडद्याचा झगझगीत उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला. इतकी वर्षे मी त्या लॅपटॉपसमोर बसलेले सर पाहिले होते, पण त्याच्या उजेडात त्यांचा चेहरा प्रथमच पाहत होतो. त्यांची नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर गेली.

"चौदा," ते म्हणाले.

आत सीडी घरघरू लागली. सरांनी आधी उजेड उतरवला, मग बटण दाबून सीडी बाहेर काढली. ती डोळ्यांपाशी धरून वाचली. "ही कुणाची?"

रसायनशास्त्राच्या सरांनी खिडकीबाहेर पाहिले. मॅडम रजिस्टर चाळू लागल्या. ती मुलगी माझ्याकडे पाहत होती. सगळ्यांकडेच पाहत असेल, पण मला वाटले माझ्याकडे. मी म्हणालो, "माहीत नाही, सर."

माझे नाव असलेली, माझ्या लग्नाची सीडी. सरांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. "बरं. ज्याची आसंल तो मागंल. तवर ऱ्हाईल माझ्याकडं." आणि झाकण लावून टाकले.

"लावू नका, सर!" वडील ओरडलेच. "पाचला बंद होतंय."

"बसा. विचार कागदावर."

वीस मिनिटे सरांनी त्या मुलीला कागदावर कॉलेजे लिहायला लावली. कोणते आधी, कोणते नंतर, का. प्रत्येकापुढे माहितीपुस्तिकेतला त्याचा लांबलचक क्रमांक. वडील खोलीत येरझाऱ्या घालत होते आणि टेपने खिडकीच्या चौकटीचे माप घेत होते. कागद पक्का झाला. मग सरांनी इंटरनेटची कांडी हातात घेतली, टॉवेल डोक्यावर घेतला आणि मुलीला म्हणाले, "ये गं आत, पासवर्ड तुझा हाय." दोघे टॉवेलखाली गेले. बाहेरून क्रमांक वाचायचे काम माझ्याकडे आले.

मी वाचत होतो. आतून "हाव... पुढं... हाव... पुढं" येत होते.

"किती टक्के, सर?" वडिलांनी विचारले.

"नऊ. बोलू नका, बोलण्यानं बी उतरते."

मी वाचत राहिलो. एक अंक चुकला असता तर मुलीचे कॉलेज बदलले असते, आणि सीडीसाठी खोटे बोललेला तोच आवाज मला आता खरा ठेवायचा होता. सहा टक्के. चार. मध्ये पान अडकले. टॉवेल स्तब्ध झाला. वडिलांनी डोळे मिटले. मग मुलीचा आवाज आला, "झालं, सर! नंबर आला. पप्पा, लिहून घ्या!"

पेन मुलीबरोबर टॉवेलखाली गेले होते. वडिलांनी खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढला, गुडघे टेकले आणि आतून आलेला एकेक अंक शहाबादी फरशीच्या मोकळ्या कडेवर लिहिला. शेवटचा अंक लिहिला आणि लॅपटॉप विझला. टॉवेल दूर झाला तेव्हा सर घामाने निथळत होते, आणि मुलगी हसत हसत तो नंबर कागदावर उतरवून घेत होती. पुढे ती नांदेडला इंजिनिअरिंगला लागली.

दोघे गेल्यावर मी सरांजवळ गेलो. सांगायचे असे ठरवूनच गेलो होतो. ते फरशी पुसत होते. मान वर करून म्हणाले, "लई छान वाचलंत हो, नांदेडचे. एकदाबी चुकला न्हाईत." त्या शाबासकीपुढे मी सांगायचे ते उद्यावर टाकले. दुसऱ्या दिवशी जास्त अवघड झाले, आणि आठवड्याने अशक्य. खोटे दोन शब्दांचे असते. त्याच्याबरोबर राहायला मात्र रोजचा खर्च लागतो.

घरी निराळीच अडचण. पत्नीने विचारले, "सीडी दिली का त्यानं?" मी म्हणालो, "अजून नाही." हा दुसरा गुन्हा. पुढच्या वेळी आम्ही दोघे नांदेडला गेलो तेव्हा ती स्वतः स्टुडिओत जाऊन त्या भल्या माणसाला वाट्टेल ते बोलून आली. त्याने गणपतीच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घेतली. "वरून शपथा घेतात!" ती म्हणाली. मी पेपर वाचत होतो. निदान समोर धरला होता. लग्नाचा प्रत्येक वाढदिवस त्या बिचाऱ्याच्या उद्धाराने सुरू होई.

यथावकाश क्लास मोठ्या इमारतीत गेला, लाइट जाईनाशी झाली, आणि सरांच्या विद्येचे काही काम उरले नाही. ते उदगीरला भावाच्या भुसार दुकानात जाऊन बसले. निरोपाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना धपाटे वाढले. माझ्या ताटात वाढताना क्षणभर थांबले. मला वाटले, विचारतील. ते म्हणाले, "चटणी घ्या."

गेल्या वर्षी नात्यातल्या एका लग्नासाठी आम्ही उभयता उदगीरला गेलो. पन्नाशी उलटल्यावर माणसाला आपल्या मोठ्या पापांपेक्षा छोटी पापे जास्त छळतात, असा माझा अनुभव आहे. मी पत्नीला म्हटले, "एका माणसाकडे जायचंय. तूही चल."

सर दुकानामागच्या खोलीत होते. केस पांढरे, टॉवेल तोच वाटावा असा. मी पाया पडलो आणि बसायच्या आधीच म्हणालो, "सर, ती सीडी माझी."

"हाव," सर म्हणाले. "नाव वाचलं की त्याच दिवशी."

पत्नी माझ्याकडे वळली. "कुठली सीडी? अहो, आपली? म्हणजे त्या स्टुडिओवाल्याला मी इतकी वर्षं...?"

"अक्का, रागावू नका," सर म्हणाले. "बसा. चहा सांगतो."

मला मात्र बसवेना. "सर, तुम्हाला सगळं कळलं होतं. मग त्या वेळी बोलला का नाहीत? चार शब्द सुनवायचे होते मला."

सरांना या प्रश्नाचे खरोखरच नवल वाटलेले दिसले. "चौदा टक्के व्हते हो. त्यात पोरीचा फॉर्म भरायचा व्हता. तुमच्यावर कुठून खर्च करू?"

"आणि नंतर?"

"नंतर तुम्ही मागतच न्हाई! म्या रोज वाट बघून राहिलो, आज मागतील, उद्या मागतील. निरोपाला तर खिशात घेऊन आलो व्हतो."

त्यांनी कपाट उघडले. लॅपटॉप फरशीवरच ठेवलेला होता. फरशीच्या कडेला कसलातरी पांढरा पुसट माग होता. तो खडूचा होता की माझ्या मनाचा, मी विचारले नाही. वर, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली सीडी.

"बघितली नाहीत?" पत्नीने विचारले.

"छे! दुसऱ्याचं लग्न. अन् बॅटरी किती खाते ती."

"आता लावता येईल?"

सरांनी लॅपटॉप उघडला. मी सवयीने भिंतीवर प्लगची जागा शोधू लागलो. "कशाला प्लग?" ते दुखावून म्हणाले. "बॅटरी तीच हाय. निम्मी भरून, थंडाव्यात ठेवलीय. अर्धा तास कुठं जात न्हाई." सीडी घरघरली. पडदा नेहमीसारखा अंधारलेला होता; पत्नी डोळे बारीक करून पुढे झुकली. सरांनी एक बोट उचलले आणि उजेडाचे बटण दाबले. पुन्हा दाबले. शेवटपर्यंत दाबत राहिले. मग आवाजही पुरा सोडला.

खोलीत सनई घुमली. काका घोड्याला घाबरले, आणि सर गुडघ्यावर थाप मारून हसले. दुकानातली गिऱ्हाइके दारात येऊन उभी राहिली. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके सुरू झाली, आणि माझे लक्ष कोपऱ्यातल्या आकड्याकडे गेले. तो भराभर उतरत होता.

"सर, उतरतेय. उजेड कमी करू का?"

सरांचा चेहरा त्या उजेडात लखलखत होता. ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हो, नांदेडचे. आज कुणाचा फॉर्म भरायचाय?"